डावा दाणा

वास आधी रतनला आला.

बाळंतगृहाच्या मागच्या अंगाला दगडी टाकी होती. तिच्या कडेला तिची सासू तुळसा उकिडवी बसून फडकी चोळत होती. फडकी शेवंतीची, म्हणजे धाकट्या सुनेची. आणि इथेच रतनला पहिली ठेच लागली, कारण फडकी धुणं हे रतनचं काम. चार वर्षं ती ठाण्याच्या या बाळंतगृहात आया होती. पंधरा खाटांवरच्या बायकांचं जे जे अंगातून बाहेर पडतं ते ते तिच्या हाताखालून जायचं. आणि घरी सासूनं आपल्या हातानं सुनेचं मळकं धुवावं, असं म्हाडगुतांच्या घरात कधी झालं नव्हतं.

"आये, ठेवा ती. मी धुते."

"रव दे. माझ्या चेडवाच्या आवशीची आसत. मी धुतंय."

चेडू म्हणजे शेवंतीची चार दिवसांची पोरगी. पोट फाडून काढलेली. लोक म्हणाले होते, मुलगी झाली, म्हातारी तोंड वाकडं करील. तुळसानं तोंड वाकडं केलं नाही. तिनं स्वतःच्या तीन मुली पुरल्या होत्या. या चौथीला तिनं अशी छातीशी धरली की सिस्टरला ओरडावं लागलं.

रतन दोन पावलं पुढे झाली आणि थांबली. बाळंतिणीच्या फडक्याला वास असतोच, ओल्या लोखंडासारखा. त्याचं तिला काही वाटत नसे. हा तो नव्हता. ओहोटीनंतर चिखलात अडकून मेलेल्या माशाचा दुसऱ्या दिवशीच्या उन्हात जसा येतो, गोडसर, घशात बसणारा, तसा हा होता. चार वर्षांत हा वास तिनं दोनदाच घेतला होता. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत खाट रिकामी झाली आणि गादी मागच्या पटांगणात जाळली.

"आये, तिला ताप आहे?"

"नाय."

"खरं सांगा."

"पाटी बघ जावन. नव्याण्णव लिवलाहा. तू शिकलेली मा? वाच." तुळसानं मान वर केली नाही. फडकं मात्र पाण्याखाली दाबून धरलं, जसं एखादं जनावर बुडवून मारतात तसं.

ती आत पळाली.

*

शेवंतीची खाट सतरा नंबरची, खिडकीपाशी. खाटा पंधरा आणि नंबर सतरा, कारण हा नंबर खाटेचा नव्हताच. तो लिफाफ्याचा नंबर होता. पायथ्याला लटकवलेल्या पाटीवर तो लाल शाईनं लिहिला होता: 'शेवंती सहदेव म्हाडगुत. डिसेंबर १९५२. सतरा.' खाली सकाळ-संध्याकाळचा ताप. नव्याण्णव. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव. इतका शहाणा ताप रतननं कुठल्याच पाटीवर पाहिला नव्हता.

तिनं शेवंतीच्या कपाळाला हात लावला. हात भाजला.

"शेवंते! कधीपासून हे?"

"परवापासून. थंडी वाजली, दात वाजायला लागले. आयेंनी दोन गोधड्या घातल्या." शेवंतीचे ओठ सुकून पांढरे झाले होते. डोळे मात्र लखलखत होते. "हळू बोला ना बाय."

"आणि सिस्टर तापाची नळी लावते तेव्हा नव्याण्णव कशी दाखवते गं?"

शेवंतीनं उशाखालच्या गडूकडे पाहिलं. "सिस्टर पलीकडच्या खाटेवर असते ना, तेव्हा आये गार पाणी देतात. तोंडात धरून ठेवायचं. नळी यायच्या आधी गिळायचं."

"अगं पण कशासाठी?"

"असं काय विचारता, तुम्हीच तर सांगितलंत. लिफाफा म्हणजे कौल. मला सुई नाही असं आलं. डावा पडला." तिनं पोरीला आणखी जवळ ओढलं. "आये म्हणतात, ताप म्हणजे देव बघतोय, मी शब्दाला राहते की नाही. मी सुई मागितली तर मी वाचेन, पण तो वसूल कुठून करील? हिच्यातून. माझं काय व्हायचं ते होऊ दे बाय. हिला काही व्हायला नको."

रतन खाटेच्या कडेला बसली. सुईपासून कुणीतरी या पोरीला तोडलं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे ती स्वतःच होती.

*

दोन वर्षांमागे शेवंतीचं पहिलं पोर अडलं. कळव्याच्या खोलीत तीन दिवस. शेवंतीची उंची बारा वर्षांच्या पोरीपेक्षा चार बोटं कमी, कंबर त्याहून लहान. रतननं तिचे पाय धरले होते, आणि तुळसा म्हणत होती, "येतला, येतला, आमका नाय झाली काय?" तिसऱ्या दिवशी निळं पोर आलं. ते रडलं नाही. त्या दिवशी रतननं मनाशी ठरवलं की पुढच्या वेळी कुणाचंही ऐकायचं नाही.

पुढची वेळ आली तेव्हा ती स्वतः शेवंतीला बाळंतगृहाच्या डॉ. सुमेधा खांबेट्यांकडे घेऊन गेली. बाईंनी कंबर मोजली आणि सांगितलं, पोट उघडून काढावं लागेल. मग घरच्यांना ओसरीवर बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्याकडची स्वच्छ भाषा, एकेक शब्द धुऊन वाळवलेला.

"या शस्त्रक्रियेनंतर काही स्त्रियांना ताप येतो. पेनिसिलिनचं इंजेक्शन सर्वांना पहिल्या दिवसापासून द्यावं, की ताप आला तरच द्यावं, हे अजून निश्चित कुणालाच माहीत नाही. आम्ही ते शोधून काढतो आहोत. कुणाला कसं द्यायचं ते मी ठरवत नाही. मुंबईहून बंद लिफाफे येतात. टेबलावर घेतल्यावर उघडायचा."

"म्हणजे तुमका म्हायत नाय?" धाकूनं विचारलं. धाकू म्हणजे सासरा, मिठागरावरचा राखणदार. मिठानं त्याच्या टाचा इतक्या फाटल्या होत्या की त्यात चवली मावली असती.

"नाही," बाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी डॉक्टर या माणसांसमोर बसून 'मला माहीत नाही' म्हणाला होता. आणि म्हणूनच सगळे बिथरले. शेवंतीचा नवरा सहदेव तिथल्या तिथे उठला. "माहीत नाही तर खुर्चीवर कशाला बसल्या? आम्ही काय गिरणीतली उंदरं आहोत, औषध टाकून बघायला?" तो गिरणीत कामाला होता. तुळसानं पदर खोचला आणि ती पायऱ्या उतरून चालायलाच लागली.

घरी येताना कळव्याच्या पुलावर रतननं सासूला गाठलं. तिला वाटलं, ही म्हातारी अडली तर ऑपरेशन गेलं, आणि ऑपरेशन गेलं तर शेवंती गेली. तिनं जे पहिलं सुचलं ते सांगितलं. "आये, तो लिफाफा म्हणजे आपला कौलच हो. बाईंना कळत नाही म्हणून त्या देवाला विचारतात. आपण गावात विचारतो तसंच."

तुळसाचा चेहरा उजळला. नाही कळत म्हणून देवाला विचारणारी डॉक्टरीण, ही तिला समजणारी बाई होती. "मगे असा सांग ना गो. शाणी दिसता ती." दहा पावलांनी ती म्हणाली, "पण आदी आमचो कौल. पोटार सुरी लावूची काय नाय ता आमचो देव सांगतलो."

गावचा देव दोनशे मैल लांब. घरात त्याच्या नावाचा नारळ होता, कोनाड्यात. रविवारी सकाळी धाकू अंघोळ करून बसला. तांदळाचे दोन दाणे पाण्यात भिजवून नारळाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवले, गाऱ्हाणं घातलं. उजवा आधी पडला तर सुरी लावायची. डावा पडला तर नाही, मग पोर मरो की आई. सगळे श्वास धरून. कोपऱ्यात रतन. तिला पुढे बसायची मुभा नव्हती. नवरा विश्राम गेल्यापासून देवाच्या कुठल्याही वस्तूला तिचा हात लागता कामा नये असा नियम होता.

उजवा पडला.

सहदेवनं दुसऱ्या दिवशी सही केली. या सगळ्यात शेवंती आतल्या बाजूला कुळीथ निवडत बसली होती. तिला कुणी काहीच विचारलं नाही. देवाला विचारलं, लिफाफ्याला विचारलं, नवऱ्याला विचारलं. जिचं पोट, तिला नाही.

मग टेबलावर लिफाफा उघडला. सिस्टर जयानं ओसरीवर येऊन सांगितलं: "म्हाडगुत, मुलगी झाली, दोघी ठीक. इंजेक्शन ताप आला तरच." तुळसानं पहिलं अर्धं ऐकून हात जोडले आणि दुसरं अर्धं ऐकून हळूच म्हणाली, "डावो पडलो."

ते रतननं ऐकलं होतं. आणि हसण्यावारी नेलं होतं.

*

वास आला त्याच दिवशी पाचवी होती. तीन वाजता घरची सगळी यायची होती. बाईंनी परवानगी दिली होती, धूप-उदबत्ती नको एवढ्या अटीवर. धाकू मिठागरावरून परभारे आला, खांद्यावर वरवंटा घेऊन. सहदेव पहिली पाळी संपवून आला, हातात घुगऱ्यांचा डबा. तुळसानं खाटेखाली पाट मांडला, वरवंटा उभा केला, कोयता ठेवला, शेवंतीचे केस विंचरले. शेवंती हसत होती. तिच्या गालांवर लाली होती, आणि सहदेव मूर्खासारखा म्हणाला, "आज बरी दिसतेस."

तेव्हा रतन बाईंच्या खोलीत होती.

"बाई, सतरा नंबरची पाटी खोटी आहे."

बाईंनी वर पाहिलं.

"ताप आहे. परवापासून. तोंडात गार पाणी धरते. फडक्याला वास आहे. तो वास."

बाईंची खुर्ची मागे पडली. ती उचलायला कुणी थांबलं नाही.

सिस्टरनं या वेळी नळी काखेत लावली आणि हात दाबून धरला. बाईंनी पोटावर बोटं ठेवली. शेवंती एवढ्या जोरात किंचाळली की घुगऱ्यांचा डबा सहदेवच्या हातातून पडला आणि वाटाणे वॉर्डभर गडगडत गेले.

"एकशे चार," जया म्हणाली. तिचा आवाज फाटला. रोज सकाळी पाटीवर नव्याण्णव तिनंच लिहिलं होतं. आणि बाईंनी रोज सकाळी पाटी वाचून मान डोलावली होती. खाटेवरच्या बाईला कुणी वाचलं नव्हतं.

"पेनिसिलिन. आत्ता. दर तीन तासांनी. जया, पिचकारी उकळ." बाई वळल्या. "तीन दिवस! तीन दिवस लपवलंत? ही पाटी कशासाठी असते माहीत आहे तुम्हाला? ताप आला की लगेच..."

"नको," शेवंती म्हणाली.

"काय नको?"

"सुई नको."

बाईंना वाटलं, भ्रम आहे. त्या वाकल्या, हळू बोलल्या. "शेवंती, आतून विष चढतंय. इंजेक्शन नाही घेतलंस तर काय होईल ते मी तुला सांगायला हवं का?"

"म्हायत आसा तिका," तुळसा मधे उभी राहिली. पाच फूटसुद्धा नसलेली म्हातारी, पण खाट आणि डॉक्टर यांच्यामधली सगळी जागा तिनं भरून टाकली. "तुमीच लिफाफो उघडलास मा? तुमचोच कौल. डावो पडलो. एकदा इचारलां की परत इचारूचा नसता. माझी तीन चेडवां गेली ती कशान? माझ्या सासूक पयलो कौल पटलो नाय, तिनी दुसऱ्यांदा लावल्यान. एका वर्षात तीन. तुमका काय म्हायत!"

"हा कौल वगैरे नाही! ही एक पद्धत आहे. लिफाफ्यात स्पष्ट लिहिलंय, ताप आला तर द्यायचं!"

"मगे ताप इलो कित्याक?" तुळसानं विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. बाई सहदेवकडे वळल्या.

"सहदेव, तुम्ही सही केलीय. सांगा यांना."

सहदेव आईकडे बघत होता, मग बायकोकडे, मग पुन्हा आईकडे. घाबरलेला माणूस ओरडतो, तसा तो ओरडला. "सही पुसा माझी! आम्हाला नाही राहायचं तुमच्या त्या शोधात!"

"पुसली. ही बघा." बाईंनी पाटी ओढून घेतली आणि लाल सतरावर काट मारली. "नाव काढलं. शोध गेला खड्ड्यात. आता तरी घेऊ द्या तिला."

"तसं नाही..." सहदेवचा आवाज बसला. "आई म्हणते ते... म्हणजे पोरीला काही झालं तर?"

जया पिचकारी घेऊन दारात उभी राहिली. स्पिरिटचा वास आला. शेवंतीनं पोरीला छातीत लपवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बाई तिच्या दंडाला हात घालणार होत्या. हात अर्ध्यात थांबला. जबरदस्ती करायला चार माणसं लागली असती, आणि घरची माणसं समोरच्या बाजूला उभी होती.

रतन पायथ्याशी उभी होती. तिला दोन गोष्टी एकदम दिसत होत्या. एक, पटांगणात जळणारी गादी. दुसरी, कळव्याच्या खोलीतला स्वतःचा कोपरा, पत्र्याची ट्रंक, खुंटीवरचं लुगडं. विश्रामच्या मागे या माणसांनी तिला ठेवून घेतलं होतं. कुडाळला भावाकडे जागा नव्हती. भावजयीनं पत्रातच कळवलं होतं. आता ती जे बोलणार होती त्यानंतर तो कोपरा उरणार नव्हता. तिनं खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

"कौल खोटा होता," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या.

"घरचा कौल. रविवारचा. बाबांनी लावला त्याच्या आधी, पहाटे, मी नारळाला पेज फासली होती. डाव्या अंगाला. डावा दाणा पडूच शकत नव्हता. मी चिकटवला होता."

"काय बोलतेस तू वैनी?" सहदेव.

"ह्या बोटानं," रतन म्हणाली, आणि बोट वर धरलं.

तुळसाला आधी कौल ऐकू आला नाही. तिला बोट दिसलं. "तू हात लावलंस? देवाक? तू?"

"लावला."

"रांड झालेला बोट..."

"तेच. त्याच बोटानं."

तुळसाचा हात उठला. तो रतनच्या गालावर पडणार, तेवढ्यात मधे धाकू आला. धाकू भांडणात कधी मधे यायचा नाही. भांडण सुरू झालं की तो मिठागरावर जायचा, ही त्याची चाळीस वर्षांची रीत.

"माका कळला होता," तो म्हणाला.

"काय कळला होता?"

"दुसऱ्या दिवशी नारळ काढलंय. डावो दाणो तसोच होतो. नखान खरवडून काढूचो लागलो. पाण्यान चिकटलेलो दाणो इतको ऱ्हवना नाय."

तुळसा त्याच्याकडे बघतच राहिली. "आनि तू गप रवलंस?"

"रवलंय." धाकूनं फाटक्या टाचांकडे पाहिलं. "ता निळा पोर मी पुरलेलंय गो. तू नाय. माका परत खड्डो मारूचो नव्हतो."

सहदेवला काहीतरी करायला हवं होतं, आणि नवऱ्याला जेव्हा काही करता येत नाही तेव्हा तो जे करतो ते त्यानं केलं. रतनवर धावून गेला. "माझ्या बायकोच्या जिवाशी खेळलीस तू! तू सांगितलंस लिफाफा म्हणजे कौल! तुझ्यामुळे ती..."

"हो, माझ्यामुळे," रतन म्हणाली. "मला आये घाबरून मागे फिरतील असं वाटलं. म्हणून सांगितलं. तोंडाला आलं ते सांगितलं. आता बाजूला हो भाऊजी, मला तिच्याशी बोलायचंय."

तो बाजूला झाला. का, ते त्यालाही कळलं नाही.

शेवंतीनं मान वळवली होती. "बाय, मग देव काय म्हणाला?"

"देवाला कुणी विचारलंच नाही गं. मी त्याला बोलूच दिलं नाही."

"आणि लिफाफा?"

"त्यात देव नाही. बाईंना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या केल्या. तुझं नाव बघून नाही केल्या. सतरा नंबरला कोण येणार हे चिठ्ठीला ठाऊकच नव्हतं. राग कुणाचा नाही तुझ्यावर. आणि पोरीवर तर नाहीच."

"नक्की?"

"मी खोटं बोलते हे तू आत्ताच ऐकलंस. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेव असं कसं म्हणू? बाईंना विचार."

शेवंतीनं डॉक्टरांकडे पाहिलं. घाम तिच्या कानामागून उशीवर उतरत होता. "बाई, लिफाफ्यात लिहिलंय, ताप आला तर द्या?"

"हो."

"आधीपासून लिहिलेलं?"

"आधीपासून."

"आणि माझ्या दुधात उतरेल ते? पोरीला काही?"

"पोरीला काही होणार नाही. तू गेलीस तर मात्र तिला दूध नाही." बाई थांबल्या. मग या बाळंतगृहात आजवर कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "देऊ?"

शेवंतीनं पोरीच्या कपाळावरून बोट फिरवलं. सहदेवनं तोंड उघडलं. धाकूनं त्याचा दंड धरला.

"द्या," शेवंती म्हणाली, आणि पोरीला रतनच्या हातात देऊन आपण होऊन कुशीवर वळली.

तुळसा बाहेर निघून गेली. जाताना तिचा पाय एका वाटाण्यावर पडला, घसरला. तिनं कुणाचाही हात घेतला नाही.

*

ओसरीवर बाईंनी रतनला थांबवलं.

"तुझ्या घरच्यांचा असा समज झाला होता, तर तू मला येऊन सांगायचंस. मी तिला या अभ्यासात घेतलंच नसतं."

"आणि ऑपरेशन?"

"ऑपरेशन करायचंच होतं. त्याचा याच्याशी काय संबंध? अभ्यासात नाही म्हणणाऱ्याचंही ऑपरेशन होतंच."

रतननं ऐकलं. पुन्हा एकदा मनात ऐकलं. म्हणजे पुलावर ती जे बोलली त्याची गरजच नव्हती. नारळाला पेज लावली ती तरी गरजेची होती, घरचा कौल व्हायचाच होता. लिफाफ्याला देव लावला ते उगाच. आणि शेवंतीला मारायला निघालं होतं ते हे उगाचचंच.

"हे तुम्ही तेव्हा सांगितलं नाहीत."

"छापील कागदात आहे. दुसऱ्या परिच्छेदात."

"कागद सहदेव भाऊजींच्या हातात होता बाई. त्यांनी सही कुठे करायची तेवढंच विचारलं. आणि जिचं पोट होतं तिला तुम्ही विचारलं आज. पोट कापल्यावर पाचव्या दिवशी."

हात बांधून उभं राहणाऱ्या आयानं असं बोलायचं नसतं. रतनला वाटलं, इथलंही काम गेलं. बाईंनी घड्याळ बघितलं.

"सहाच्या इंजेक्शनला तू हजर राहा," त्या म्हणाल्या. "ती तुझ्याशीच बोलते."

*

रतन शेवंतीचं कोरडं लुगडं आणायला कळव्याला गेली. टांगा केला नाही, पूल चालत ओलांडला. खाली ओहोटी होती.

दार ओढून घेतलेलं होतं. पायरीवर तिची ट्रंक. ट्रंकेवर खुंटीवरचं लुगडं, घडी घातलेलं. तुळसानं फेकलं नव्हतं. घडी घातली होती. आणि लुगड्यावर कोनाड्यातला, कुंकू लावलेला नारळ.

"आये," रतननं हाक मारली.

मग फटीतून आवाज आला, राग नसलेला, नुसता भ्यालेला. "त्येका घेवन जा. तू त्येका बोलू दिलंस नाय. आता तो तुझो. माका तो घरात नको, माझ्या नातीच्या वाटेर नको."

"शेवंतीनं सुई घेतली."

फट बोटभर रुंदावली.

"ताप उतरलो?"

"अजून नाही."

दार उघडलं नाही. पण फटीतून एक हात बाहेर आला, शेवंतीचं कोरडं लुगडं आणि पोरीची दोन दुपटी पायरीवर ठेवून आत गेला.

रतननं ट्रंक डोक्यावर घेतली, नारळ काखेत. पुलावर मधेच थांबून तिनं तो उजेडात धरला. डाव्या अंगाला पांढरट पापुद्रा होता, नखानं खरवडलेला. हलवला तर आत पाणी वाजलं. खाडीत सोडून द्यावा असं एकदा मनात आलं. मग तिला सहाच्या सुईची आठवण झाली.

ती पोहोचली तेव्हा जया पिचकारी उकळत होती. रतननं ट्रंक फडक्यांच्या खोलीत ठेवली आणि नारळ शेवंतीच्या खाटेखाली, जिथे पाचवीचा पाट अजून तसाच होता. शेवंतीनं मान वाकवून पाहिलं.

"बाय, हा इथे कसा?"

"ताप बघायला आलाय. गप पड."

जयानं नळी काखेत लावली. रतननं शेवंतीचा हात दाबून धरला, पुरी तीन मिनिटं, घड्याळाकडे बघत. मग नळी स्वतः उजेडाकडे धरली, कारण आता आकडे ती दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी वाचणार नव्हती.

एकशे तीन आणि वर दोन रेघा.

"उतरतोय ना?" दारातून सहदेव म्हणाला. "वैनी, उतरतोय ना?"

"माहीत नाही," रतन म्हणाली, आणि नऊच्या सुईसाठी पातेल्यात नवं पाणी भरलं.